हिरव्या ठिपक्याची गॅरंटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७:१०

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. बायकोने वाचली तरी हरकत नाही, पण ती वाचणार नाही. माझ्या लिखाणात तिला अकरा वर्षांत एकदाही रस वाटलेला नाही.

काल जेवताना सासऱ्यांनी जाहीर केलं. ३० एप्रिलला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी कमरेची किल्ली काढून ते ती कुणाच्या तरी हातात देणार. किल्ली दुकानाची. दुकान पेस्ट कंट्रोलचं: उंदीर, झुरळं, ढेकूण, वाळवी. उमेदवार दोन, मी आणि साडूभाऊ. अट एकच. बेकरीचं वार्षिक कंत्राट आमचं सगळ्यात मोठं आणि ते त्याच दिवशी संपतं. मी ते टिकवलं तर किल्ली माझी. नाही टिकवलं तर साडूची. साडूचा विषारी औषधांचा घाऊक धंदा आहे. तो सूप पिताना हसला. सूप पिताना हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

माझा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी इथे दोन महिन्यांसाठी आलो होतो. त्याला अकरा वर्षं झाली. दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यात आम्ही. उतरायला एकच जिना, तो दुकानात उतरतो, आणि जिन्याच्या तोंडाशी सासऱ्यांची खुर्ची. अकरा वर्षांत मी या घरातून कुणाला न दिसता एकदाही बाहेर पडलेलो नाही. ते नुसते वर बघतात. कुठे चाललास, असं विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

संकल्प: १ मेपासून त्या खुर्चीवर मी.

मंगळवार, ४ मार्च

व्यापारी संघाच्या हॉलमध्ये व्याख्यान. पहिल्या रांगेत बसलो. (मागे जागा नव्हती.) विषय: पर्यावरणपूरक व्यवसाय. वक्ते म्हणाले, गर्दीत उठून दिसायचं असेल तर हिरवे व्हा. एका शॅम्पूच्या कंपनीचं उदाहरण दिलं. मी शॅम्पूच्या जागी उंदीर घालून पाहिला. तंतोतंत बसतो.

निर्णय: विष बंद. चिकट कागद बंद. खटक्याचे सापळे बंद. यापुढे उंदीर पिंजऱ्यात धरायचा आणि शहराबाहेर, बारा किलोमीटरवरच्या जुन्या खाणीजवळच्या झाडीत सोडायचा. या शहरात असं कुणीच करत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवतो. उंदीर मारण्याबद्दल मला व्यक्तिशः काही अडचण नाही. मागे चिकट कागदापाशी मला घेरी आली ती ॲसिडिटीमुळे. त्याआधी दोनदा आली तीही ॲसिडिटीमुळेच. हा निव्वळ धंद्याच्या धोरणाचा भाग आहे.

हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, त्यापेक्षा भोकं का बुजवत नाही? तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंट. उंदीर आतच येणार नाही, मग धरायलाही नको आणि मारायलाही. तिचं लहानपण या दुकानात गेलंय, त्यामुळे विचार जुने. मी समजावलं की बुजवलेलं भोक गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्यात ब्रँडिंग शून्य. यावर ती 'हं' म्हणाली.

तिच्या 'हं'चा अर्थ मला अकरा वर्षांत लागलेला नाही.

गुरुवार, ६ मार्च

नवा बोर्ड लागला. हिरव्यावर पांढरी अक्षरं. घोषवाक्य माझंच: 'आम्ही मारत नाही. पोहोचवतो.'

सासऱ्यांनी वाचलं. मग चष्मा मागवला आणि परत वाचलं.

दुपारपर्यंत तीन चौकशा. एकाला पलीकडच्या गावी फ्रिज पोहोचवायचा होता. एकाला म्हातारी आत्या. तिसरा बोर्ड वाचून हसत निघून गेला, पण थांबला तर होता. उठून दिसायला सुरुवात झाली आहे.

सोमवार, १० मार्च. संध्याकाळी ६:३०

बेकरीत पहिला हिरवा दिवस. बेकरी मोठ्या रस्त्यावर. वन-वेमुळे वळसा घालून स्कूटरने दहा मिनिटं लागतात. काल मैद्याच्या गोदामात सात पिंजरे लावले होते, आज सातही भरलेले. बेकरीच्या मालकीणबाई म्हणाल्या, मारले नाहीत वाटतं? मी म्हणालो, आम्ही पोहोचवतो. त्यांनी कुठे ते विचारलं नाही. पावाची ऑर्डर होती, घाईत होत्या.

पिंजरे स्कूटरच्या पायाशी ठेवून बारा किलोमीटर गेलो. सिग्नलला थांबलो की लोक बघायचे. पिंजऱ्यातला एक उंदीर सारखा दाराकडे जात होता, दार हुंगायचा, परत फिरायचा, पुन्हा जायचा. सातव्या-आठव्या वेळी बसला आणि तोंड पुसायला लागला. मला त्याची कीव वगैरे आली नाही.

झाडीत सोडले. छान वाटलं. बराच वेळ उभा राहिलो. घरी यायची घाई नव्हती.

परतताना प्रश्न पडला: सोडलेला उंदीर परत आला नाही, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? उत्तर लगेच सुचलं. त्याच्यावर खूण करायची. सोडताना प्रत्येकाच्या पाठीवर एक हिरवा ठिपका. जगात कुणी केलं नसेल.

बुधवार, १२ मार्च

पालकाचा रस करून लावला. उंदरांनी एकमेकांना चाटून साफ केलं. रंग नैसर्गिक असून उपयोग नाही, टिकाऊही हवा.

शुक्रवार, १४ मार्च

पशुखाद्याच्या दुकानात मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा हिरवा रंग मिळतो. डब्यावर लिहिलंय: जनावरास निरुपद्रवी, ऊन-पावसात आठ महिने पक्का. आज पाच उंदरांना ठिपके दिले. माझं उजव्या हाताचं पहिलं बोट पूर्ण हिरवं झालं. साबण, रॉकेल, लिंबू, काही चाललं नाही. म्हणजे रंग उत्तम आहे.

पोस्टर छापून घेतलं. पाठमोरा उंदीर, पाठीवर ठिपका. खाली: 'हिरवा ठिपका, आमची ओळख. हा ठिपका तुम्हाला इथे कधीही दिसणार नाही. गॅरंटी.' बेकरीच्या काचेच्या दारावर लावलं. पावाच्या दुकानाच्या दारावर उंदराचं चित्र बरं दिसतं का, असा मालकीणबाईंचा मुद्दा होता. मी पारदर्शकतेबद्दल बोललो. जरा जास्तच वेळ बोललो असेन, कारण शेवटी त्या लावा म्हणाल्या.

आज जिना उतरताना सासऱ्यांनी आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उद्यापासून तो हात खिशात ठेवायचा.

बुधवार, १९ मार्च

एक गोष्ट खटकते आहे. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, तेही सहा उंदरांसाठी. इतका धूर हवेत सोडून मी पर्यावरणपूरक कसा? मनाला पटेना. तत्त्व म्हणजे तत्त्व. आजपासून चार किलोमीटरवर, नदीच्या काठाला.

(कंबरही दुखत होती, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.)

सोमवार, २४ मार्च

चार किलोमीटरसुद्धा शेवटी पेट्रोलच. आज आमच्या घरामागच्या गल्लीतून चालत गेलो. अकरा वर्षांत या गल्लीत कधी आलो नव्हतो. खुर्चीसमोरून बाहेर पडायला काहीतरी कारण लागतं. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. गवत, थोडे दगड, शांतता. एका बाजूला उंच भिंत. भिंतीपलीकडून ताज्या पावाचा वास येत होता. जवळपास कुणीतरी घरीच भाजत असावं. घरापासून मोजून तीनशे पावलं. धूर शून्य.

नऊ उंदीर सोडले. इकडेतिकडे न बघता सगळे एका रांगेत भिंतीकडे गेले. त्यांना दिशा आहे हे पाहून समाधान वाटलं. मला त्यांच्या वयात, म्हणजे त्यांच्या वयाच्या प्रमाणात, दिशा नव्हती.

तिथे एक छोटी पाटी रोवली: 'उंदीर पुनर्वसन केंद्र. कृपया त्रास देऊ नये.' उरलेला हिरवा रंग कामी आला.

शनिवार, २९ मार्च

बेकरीतून या आठवड्यात चार वेळा फोन. आधी महिन्यातून दोनदा यायचा. विश्वास वाढतो आहे.

आज अकरा उंदीर. विक्रम. त्यातल्या दोघांच्या पाठीवर ठिपके होते. खूप विचार केला. उत्तर एकच: हे खाणीवरून बारा किलोमीटर चालत आले. अशी चिकाटी माणसांत दिसत नाही. मालकीणबाईंना दिसू नये म्हणून पिंजऱ्यांवर फडकं टाकलं आणि त्या दोघांना दुसरा ठिपका दिला, म्हणजे हिशेब राहील. मग प्लॉटवर सोडले. लांब सोडून जर ते परत येणारच असतील, तर लांब जाण्यात अर्थ काय?

मंगळवार, १ एप्रिल

साडू आला. निळ्या विषाच्या वड्यांचा एक डबा 'भेट' म्हणून टेबलावर ठेवून गेला. सासऱ्यांना म्हणाला, पोहोचवण्याचा खर्च वाचेल. सासरे हसले नाहीत, पण डबा परतही केला नाही.

डबा कपाटात ठेवताना मला जरा गरगरलं. ॲसिडिटी.

सोमवार, ७ एप्रिल. दुपारी २

एकोणीस उंदीर. चौदा ठिपकेवाले. त्यातले पाच दोन ठिपक्यांचे आणि एक तीन ठिपक्यांचा. हा तीन ठिपक्यांचा आता मला बघून पळतसुद्धा नाही. स्वतःच पिंजऱ्यात शिरतो, बिस्कीट खातो आणि बसून राहतो.

वाईट बातमी. काल बेकरीत एक लहान मुलगी दारावरचं पोस्टर बघून आईला म्हणाली, हाच उंदीर आत केकच्या कपाटाखाली आहे. आईने पाहिलं. होता. दुकान भरलेलं होतं. मालकीणबाईंनी पोस्टर फाडलं आणि मला फोन केला. पहिल्या तीन फोनमध्ये त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. चौथा मी घेतला नाही, कारण चार्जिंग कमी होतं.

पाचवा सासऱ्यांनी घेतला. 'बरं', 'बरं', 'हो', 'बरं', एवढंच ऐकू आलं. नंतर मला सांगितलं की २४ तारखेला चार वाजता अन्न खात्याचे तपासनीस गोदाम बघायला येणार आहेत. त्या दिवशी एकही उंदीर दिसला तर कंत्राट संपलं.

एक मात्र मान्य करावं लागेल. दुसऱ्या कुणाचा उंदीर असता तर लोकांना कळलंही नसतं की तो कुणाचा. आमचा लगेच ओळखू आला.

शनिवार, १२ एप्रिल

ठिपके पुसायचं ठरवलं. टर्पेंटाइन आणलं. पहिलाच उंदीर चावला. हिरव्या बोटालाच.

हिला सांगितलं, बोर्डाचा पत्रा लागला. तिने पट्टी बांधली. बांधता बांधता विचारलं, हल्ली उंदीर कुठे सोडतोस? मी म्हणालो, लांब. तिने विचारलं, किती लांब? मी म्हणालो, अंतर हे शेवटी मानण्यावर असतं. ती 'हं' म्हणाली आणि पट्टीची गाठ जरा घट्ट मारली.

शुक्रवार, १८ एप्रिल. सकाळी १०

आज सगळं सांगून टाकायचं ठरवून उठलो. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. वाक्य पाठ केलं: मी उंदीर मागच्याच प्लॉटवर सोडतो, आणि मला हे काम, म्हणजे त्यातलं ते मुख्य काम, जमत नाही. मला कधीच जमलं नाही.

जिना उतरलो. सासऱ्यांनी वर पाहिलं. वाट बघत असल्यासारखे बघत राहिले. मी म्हणालो, काड्यापेटी आणायला चाललोय.

घरात तीन काड्यापेट्या आहेत. त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवरच आहेत, त्यांनाही दिसतात. चौथी घेऊन आलो. पुन्हा त्यांच्यासमोरून वर.

मी अडकलोय. पुढे जावं तर बेकरी, मागे यावं तर ही खुर्ची, वर बसावं तर हिचं 'हं'. स्टुडिओ बंद पडला तेव्हाही इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. तेव्हा निदान जायला हे घर होतं.

(वरची चार वाक्यं नंतर खोडायची. व्यावसायिक नोंदींत असलं काही शोभत नाही.)

बुधवार, २३ एप्रिल

योजना तयार. बेकरी दुपारी एक ते चार बंद असते. उद्या पाऊणला पिंजरे घेऊन गोदामात शिरायचं, पंधरा मिनिटांत ठिपकेवाले सगळे गोळा करायचे आणि एकच्या आत बाहेर. चारला तपासनीस येतील तेव्हा गोदाम स्वच्छ. कुणाला काही सांगायची गरज नाही. यशस्वी माणसं फार बोलत नाहीत.

गुरुवार, २४ एप्रिल. दुपारी १:२०
(बेकरीच्या ऑर्डर पॅडच्या पाठीमागे)

दार बाहेरून बंद झालं आहे. मी पोत्यांमागे वाकलेलो होतो, कुलूप लागल्याचा आवाज आला, आवाज द्यायच्या आत पावलं लांब गेली. फोन घरी चार्जिंगला. ठीक आहे. पूर्ण तीन तास मिळाले. ही संधीच.

१:५०

दोन धरले. बाकीचे पोत्यांच्या आत. बाहेरून दिसत नाहीत, पण कुरतडल्याचा आवाज येतो. मैद्याचं एक पोतं ओढायला गेलो, ते फाटून माझ्यावर आलं. श्वास घेतला की मैदा, सोडला की मैदा.

२:३०

दार ढकललं. खिडकी बघितली, गजाची. परत दार ढकललं. काही वेळाने लक्षात आलं की मी पाचव्यांदा दाराकडे चाललोय. खाली बसलो आणि रुमालाने तोंड पुसलं.

३:०५

मागच्या भिंतीला, जमिनीलगत, मुठीएवढं भोक आहे. तिथून उजेड आणि वारा येतो म्हणून तोंड लावायला आडवा झालो. पलीकडे गवत दिसलं. दगड. आणि गवतात एक हिरवी पाटी. अक्षरं उलट्या बाजूला होती, पण पाटी मीच रोवली होती.

३:१०

एक महिना मी त्यांना त्यांच्या घराच्या दारात नेऊन सोडत होतो. तेही पिंजऱ्यातून, बिस्कीट खायला घालून.

३:२०

एका बाजूने विचार केला तर याला 'घरपोच सेवा' म्हणता येईल.

३:२५

नाही म्हणता येणार.

३:४०

तीन ठिपक्यांचा आला. पिंजरा उघडा होता, त्यात जाऊन बसला. मीही त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. आता धरण्यासारखं कुणी उरलं नाही. म्हणजे पोत्यात पंधरा-वीस आहेत, पण माझ्यात धरण्यासारखं काही उरलं नाही.

३:५५

आवाज येतायत. एकापेक्षा जास्त माणसं आहेत.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल काय झालं ते थोडक्यात.

दार उघडलं. समोर मालकीणबाई, तपासनीस आणि त्यांचा कारकून. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. बोटाची पट्टी कधीतरी गळून पडलेली, त्यामुळे बोट तेवढं हिरवं. मांडीवर पिंजरा. तपासनिसांनी विचारलं, हे कोण? मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, उंदराच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की यांना मी ओळखत नाही. फार सभ्यपणे म्हणाल्या. त्याच वेळी पोत्यातून आणखी दोघे बाहेर आले, दोन-दोन ठिपक्यांचे. कारकुनाने ठिपक्यांसकट लिहून घेतलं.

बेकरीला २९ तारखेपर्यंत मुदत. नंतर टाळं. आमचं कंत्राट त्या क्षणीच गेलं असं मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं.

मला न्यायला सासरे आले होते. काठी टेकत, चालत, मागच्या गल्लीने. म्हणजे गल्ली त्यांना आधीपासून माहीत होती. परतताना मी पिंजरा धरून त्यांच्या मागे. प्लॉटपाशी ते थांबले. पाटी वाचली, या वेळी चष्म्याशिवाय.

मग म्हणाले, "पहिल्या दिवशी गोदामात मी तुझ्या हातात काठी दिली होती. तू ती उगारलीस आणि डोळे मिटलेस. मला तेव्हाच कळलं. अकरा वर्षं रोज जिन्यापाशी बसतोय, आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून."

मी म्हणालो, "ॲसिडिटी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि चालू लागले.

मला रडू आलं. मैद्यामुळे ते दिसलं नसावं. तीनशे पावलं एवढी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्याचं दार घरी आल्यावर कसं उघडं राहिलं ते सांगता येत नाही.

शनिवार, २६ एप्रिल

ही सकाळी सहाला जिना उतरून गेली. हातात थापी, बादली आणि तारेच्या घासण्यांचं अख्खं बंडल. मालकीणबाईंना म्हणाली, तीन दिवस द्या, जमलं नाही तर तुमचं कंत्राट तुमच्यापाशी. मला बरोबर घेतलं. मी सिमेंट कालवायला. पाणी जास्त झालं, तिने दुरुस्त केलं.

ती टॉर्च घेऊन पोटावर सरपटत भिंतीच्या कडेकडेने गेली. एकतीस भोकं सापडली. ओव्हनच्या पाइपामागे, नळाच्या बाजूला, दाराच्या चौकटीखाली. प्रत्येकात घासणी, वरून सिमेंट. मुठीएवढं भोक तिने मला बुजवायला सांगितलं. बुजवायच्या आधी एकदा वाकून पाहिलं. पाटी अजून होती.

मैद्याची पोती फळ्यांवर चढवली. मग तिने पिशवीतून जुने खटक्याचे सापळे काढले, आत उरलेल्यांसाठी. माझ्याकडे न बघता म्हणाली, सिमेंट कमी पडतंय, आणखी घेऊन ये.

सिमेंट भरपूर होतं. मी गेलो. बाजारात दीड तास फिरलो. परत आलो तेव्हा सापळे दिसत नव्हते आणि जमीन धुतलेली होती. मी आणलेलं सिमेंट तिने बाजूला ठेवून दिलं.

मंगळवार, २९ एप्रिल

तपासनीस आले. अर्धा तास. एकही नाही. ठिपकेवाला नाही, बिनठिपक्याचा नाही. विष कुठलं वापरलं, असं त्यांनी विचारलं. ही म्हणाली, कुठलंच नाही. त्यांनी तिसऱ्यांदा खात्री करून ते लिहून घेतलं. मालकीणबाईंनी ती ओळ मोठ्याने वाचून घेतली.

बुधवार, ३० एप्रिल. संध्याकाळी ५

कंत्राट टिकलं. एका नव्या अटीसह: हिरव्या बोटाचा माणूस बेकरीत येणार नाही. रंगाचे आठ महिने गेले की, साधारण नोव्हेंबरात, पुन्हा विचार होईल.

सासऱ्यांनी किल्ली काढली. साडू उभा होता, मी बसलेलो होतो. तेवढ्यात उठावं की नाही हे ठरेना, म्हणून अर्धवट उठलो. किल्ली हिच्या हातात गेली. अट तशीच होती, ते म्हणाले, जो टिकवेल त्याला. साडू हसला, पण आज सूप नव्हतं, त्यामुळे ते नीट जमलं नाही. तो जाताना निळ्या वड्यांचा डबा हिने त्याच्या हातात परत दिला.

मालकीणबाईंनी काचेच्या दारावर आपणहून एक चिठ्ठी लावली आहे, साध्या कागदावर, साध्या शाईत: 'येथे विष वापरले जात नाही.' ती बघून दुपारपर्यंत एक औषधांचं दुकान, एक पाळणाघर आणि एक खाणावळ अशा तीन चौकशा आल्या. फ्रिजची एकही नाही. म्हणजे मूळ धोरण माझंच बरोबर ठरलं. वक्ते म्हणाले तेच झालं. फक्त भोकं दिसत नाहीत या एका मुद्द्यावर मी थोडा घाईत होतो.

मला काम मिळालं आहे: फोन घेणे, सिमेंट कालवणे आणि उद्या बोर्डावर पांढरा रंग मारणे.

गुरुवार, १ मे. सकाळी ११

बोर्ड पांढरा केला. दोन हात मारले तरी खालून 'पोहोचवतो' दिसतंच.

नव्या मालकिणीचा पहिला हुकूम: जिन्याच्या तोंडाशी खुर्ची अडचणीची होते. तिने ती उचलून बाहेर उन्हात ठेवली. सासरे तिथे बसले आहेत, रस्त्याकडे तोंड करून. पाठ आमच्याकडे.

म्हणजे आता जिना मोकळा. मी वर गेलो, केस विंचरले आणि उतरलो. कुणी वर पाहिलं नाही. दुकानातून सरळ बाहेर जाता आलं असतं. शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभा होतो. कुठे जायचं ते ठरवलेलंच नव्हतं. परत वर आलो.

११:४०

लिहिता लिहिता टेबलाखाली खुडबुड झाली. वाकून पाहिलं. कोपऱ्यात भोक आहे आणि भोकाबाहेर तो, तीन ठिपक्यांचा. मला बघून पळाला नाही. चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट होतं, ते खाली ठेवलं.

खालून हिने विचारलं, वर काही आहे का? मी म्हणालो, काही नाही. मग तिने विचारलं, टेबलामागचं भोक बुजवलंस का? मी म्हणालो, सिमेंट संपलंय.

मी आणलेलं अख्खं पोतं जिन्याखाली पडलं आहे. येता-जाता तिचा पाय लागतो त्याला.

खालून आवाज आला, "हं."